सातव्या फाइलच्या पुढे

१७ एप्रिल १९९४, रविवार. जळगाव

श्री गजानन प्रसन्न. सकाळच्या एस.टी.ने धुळ्याहून निघालो आणि दुपारच्या आत घर लागलंसुद्धा. दोन ट्रंका, एक वळकटी, पाटा-वरवंटा आणि देवांचा डबा माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, ताई डबा वर ठेवा. मी म्हटलं, यात तिकीट न काढलेले पाच जण बसलेत, ते मांडीवरच बरे. हे खिडकीकडे तोंड करून हसत राहिले.

खोली डाळमिलच्या आवारातच मिळाली आहे. पुढे ओटा, मागे मोरी, नळ स्वतंत्र. मला तर राजवाडाच. सगळीकडे तुरीची बारीक पिवळी धूळ बसते. दाराबाहेर चपला काढल्या की तासाभरात हळद लावल्यासारख्या दिसतात. मी ह्यांना म्हटलं, आपल्या चपलांचं लग्न लागलं.

ह्यांचं ऑफिस समोर, लिंबाच्या झाडापलीकडे. तिथे युनिक्सचं मोठं मशीन आहे, म्हणजे कॉम्प्युटर. गेट, वजनकाटा, गोदाम, ऑफिस, सगळीकडे त्याचे स्क्रीन, आणि एक वायर अंगणावरून आमच्या खिडकीत आणलेली. म्हणजे आमच्याही घरात एक स्क्रीन, हिरव्या अक्षरांचा. कधीही काही अडलं तर ह्यांना घरूनच बघता यावं म्हणून. मी त्याला कुंकू लावायला गेले तर हे म्हणाले, काचेला नको, कडेला लाव. लावलं.

नोकरी तीन महिने कच्ची, मग पक्की. नाशिकला राहून हे शिकले, त्यानंतरची ही पहिली धड नोकरी. एकवीरादेवीला बोलले आहे, पक्की झाली की खणानारळाने ओटी भरीन.

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच जातात. यंदा त्यावर हे लिहायचं ठरवलं. पान वाया जायला नको.

२१ एप्रिल, गुरुवार

शेजार चांगला आहे. डाव्या हाताला सुगंधाबाई, त्यांचे मालक वजनकाट्यावर असतात. जीभ मिरचीची पण हात सढळ. पहिल्याच दिवशी वाटीभर लोणचं दिलं आणि वर म्हणाल्या, वहिनी, वाटी रिकामी परत केली तरी चालेल, पण परत करा, आधीच्या बिऱ्हाडानं तीन वाट्या नेल्या. मी वाटीत चार चकल्या घालून परत केली. आता वहिनीची मंजुळाबाई झाले आहे.

कोपऱ्यातल्या खोलीत शेवंताबाई राहतात. वय साठीचं, शिरपूरकडच्या, बोलणं सगळं खानदेशी. मिलच्या अंगणात डाळ निवडतात. एकट्याच. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की दोन ताटं घेतात. दुसऱ्या ताटावर फडकं झाकून ओट्यावर बसून राहतात. मी सहज विचारलं तर म्हणाल्या, मना चुडामण आते ई. म्हणजे त्यांचा मुलगा, आता येईल. हेच काम करायचा म्हणे, ह्या मशीनवर. ह्यांच्या आधी तोच होता.

मी संध्याकाळी सुगंधाबाईंना विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, तिला मूलबाळ काहीच नाही हो. मशीनवर तुमच्या मालकांच्या आधी कोणी नव्हतंच. म्हातारी जरा सटकलेली आहे, पण निवडलेल्या डाळीत खडा सापडायचा नाही.

बिचारी. उद्यापासून तिच्या त्या दुसऱ्या ताटासाठी माझ्याकडची थोडी भाजी पाठवीन. उरतेच.

२६ एप्रिल, मंगळवार

काल आणि आज दोन्ही दिवस मिल दोन-दोन तास बंद पडली. मशीनची जागा भरली म्हणे. काट्यावर ट्रकांची रांग थेट रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर लोकांचं हॉर्न वाजवणं, आणि शेठ स्वतः ऑफिसात येऊन उभे. ह्यांना सगळ्यांदेखत बोलले. आठवड्याभरात नीट झालं नाही तर पक्कं व्हायचं विसरा, असंही.

जेवताना ह्यांनी मला सगळं समजावलं. कोणत्या स्क्रीनवर कोण बसलं, कधी बसलं, काय केलं, ते मशीन आपणहून लिहीत जातं. त्याला लॉग म्हणतात, रोजची एक फाइल. ते लिहिणं कधी थांबत नाही, म्हणून रोज जुनं बाजूला सारावं लागतं. ह्यांनी माझे फळीवरचे डबे ओळीत मांडून दाखवले. आज भरलेला डबा एक नंबरच्या जागी जायचा, एकचा दोनला, दोनचा तीनला, असं करत सातवा डबा मोरीत ओतून द्यायचा. आणि आजच्या जागी नवा रिकामा डबा. हे काम रोज ठरल्या वेळी करायला मशीनमध्ये क्रॉन नावाचा एक राखणदार असतो. इथे रात्री लाइटचा भरवसा नाही, म्हणून वेळ दुपारच्या भोंग्याची ठेवली आहे. पण डबे फिरतच नाहीत. आजचाच डबा फुगतो आहे.

मी विचारलं, सातव्या डब्यात काय असतं, फेकण्याआधी कोणी बघतं का. मला काही टाकवत नाही. हे म्हणाले, शिळं, कोणी विचारत नाही ते.

का कोण जाणे, ते डबे मी लगेच उचलून जागेवर ठेवले.

२९ एप्रिल, शुक्रवार

ह्यांचं घड्याळ बघून झालं. मशीनचं घड्याळ बरोबर आहे. हाताने हुकूम दिला तर डबे फिरतात, क्रॉनवर सोडलं तर नाही. नाशिकच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला प्रोग्रामचा पत्ता पूर्ण लिहा, क्रॉनला घरचा रस्ता माहीत नसतो. ह्यांनी पूर्ण पत्ता लिहिला. तरी नाही.

शेवंताबाईंना भाजी दिली. त्यांनी फडकं उचलून दुसऱ्या ताटात वाढली आणि म्हणाल्या, त्याले वांगी आवडस. मी म्हटलं, मग उद्यापण वांगी करते. माझ्या तोंडून निघून गेलं. त्या इतक्या खुलल्या की मला माझीच लाज वाटली, खोट्याला खतपाणी घातल्यासारखी.

३ मे, मंगळवार

सापडलं. हे जेवायलाही न थांबता सांगत होते.

क्रॉनला काम लावताना ते कोणाच्या तरी नावावर लावावं लागतं. नाव नसेल तर राखणदार हलत नाही. हे काम एका नावावर लावलेलं आहे आणि ते नाव मशीनच्या यादीत नाही. म्हणून हुकूम निघतो आणि वाटेतच विरतो.

नाव चुडामण.

ह्यांनी हसत सांगितलं. मी हसले नाही. हे म्हणाले, मशीन विकणाऱ्यांपैकी कोणी असेल. शेठना विचारलं तर ते म्हणाले असा कोणी माणूस मी कधी ठेवला नाही, तू पहिलाच.

आणखी एक. जागा का भरते तेही कळलं. एक जुनी फाइल कधीचीच पुसलेली आहे, नाव निघून गेलंय, पण तिची जागा सुटत नाही. कोणता तरी प्रोग्राम तिला धरून बसलाय. ह्यांनी मला दोनदा सांगितलं, मग समजलं. युनिक्समध्ये नाव पुसलं म्हणून वस्तू जात नाही. जोवर कोणीतरी धरून आहे तोवर ती आहे. धरणारा सुटला की गेली.

मी म्हटलं, कोण धरून बसलंय ते मला माहीत आहे. हे म्हणाले, मंजू, तू आणि तुझे देव.

५ मे, गुरुवार

आज सगळं नीट झालं. देवापुढे साखर ठेवली.

ह्यांनी सकाळी ते काम चुडामणच्या नावावरून काढून स्वतःच्या नावावर लावलं. धरून बसलेला प्रोग्राम बंद केला. मी खिडकीजवळच्या आमच्या स्क्रीनकडे बघत होते. हे ऑफिसातून ओरडले, जागा सुटली! भोंगा झाला आणि डबे बरोबर फिरले. शेठनी सगळ्यांना पेढे वाटले आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. पक्कं करतो म्हणाले, आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की.

एक गोष्ट लिहायची राहिली. भोंग्यानंतर मी वांग्याची भाजी घेऊन गेले. शेवंताबाई जेवत होत्या. एकच ताट. मी विचारलं, चुडामणचं ताट? त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. डोळे अगदी स्वच्छ. म्हणाल्या,

"कोन चुडामण? माले पोऱ्याच नही, बहीण. तुले कोनी सांगं?"

आणि भाजी चांगली झालीय म्हणाल्या.

मी घरी येऊन बसले. आपण काय बंद केलं?

६ मे, शुक्रवार

शेवंताबाई आज गाणं म्हणत डाळ निवडत होत्या. सुगंधाबाई म्हणाल्या, म्हातारी सुधारली, बरं झालं. मला ते सुधारणं बघवलं नाही. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मी एक प्रोग्राम बंद केला, मंजू. दुसरं काही नाही.

पण ह्यांचाही चेहरा उतरलेला. दुपारपासून हे लॉगमध्ये स्वतःचं नाव शोधत आहेत. सकाळपासून स्क्रीनवर हेच बसलेत, तरी आजच्या फाइलमध्ये ह्यांचं नाव नाही. सगळ्यांची आहेत. काट्यावरची, गेटवरची, गोदामातली. ह्यांचं फक्त कालच्या फाइलमध्ये, जी आता मागे सरकली.

७ मे, शनिवार

गेटवरच्या झिपरूने ह्यांना अडवलं. रोज रामराम करणारा माणूस. कोणाकडे काम आहे भाऊ, म्हणाला. ह्यांना वाटलं थट्टा करतोय. झिपरू कधी थट्टा करत नाही. शेवटी सुगंधाबाईंच्या मालकांनी ओळख दिली, तीही जरा आठवून.

ह्यांचं नाव असलेली फाइल आज तीन नंबरला गेली.

हे ते काम आपल्या नावावरून काढायला बसले. मशीनने उत्तर दिलं. मी स्वतः वाचलं, मॅट्रिकचं इंग्रजी तेवढं येतं. असा कोणी नाही.

८ मे, रविवार

सुट्टी असली तरी मशीन चालूच असतं. ह्यांनी सकाळी ऑफिसात जाऊन त्याची पिन काढली. स्क्रीन विझला. आम्ही दोघं हात धरून ओट्यावर बसलो आणि मला वाटलं सुटलो. इतक्यात सुगंधाबाईंचे मालक धावत गेले, शेठना बोलावलं, कोणीतरी अनोळखी माणूस आत शिरला होता म्हणून. पिन परत लागली. हे मागोमाग जाऊन तिथेच उभे होते. शेठ ह्यांच्या अंगावरून नजर फिरवून पुढे गेले, जसं खांबावरून फिरते.

भोंगा झाला. रविवारीही होतो तो? याआधी मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

९ मे, सोमवार

ह्यांनी कोळशाने भिंतीवर आपलं नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात. मी तिकडे पाठ केली, नवऱ्याचं नाव आपण वाचू नये म्हणून. भोंग्यानंतर वळून बघितलं तर भिंत नुसती काळपट, हात फिरवल्यासारखी.

हे म्हणाले, स्वतःला स्वतः धरता येत नाही. धरणारा दुसरा लागतो. शेवंताबाई धरून होती तोवर चुडामण होता. मंजू, तू लिही. तुझ्या वहीत माझं नाव लिही, रोज लिही.

मी नाही म्हटलं.

देवा, मी नाही म्हटलं. पण कसं लिहू? आमच्यात बायको नवऱ्याचं नाव लिहीत नाही. आईने लहानपणापासून सांगितलंय, बाईने नवऱ्याचं नाव लिहिलं की अक्षरागणिक त्याचं आयुष्य तुटतं. उखाण्यात घ्यायचं ते देवाच्या साक्षीनं, तेवढंच. मी ह्यांना वाचवायला जायचे आणि माझ्याच हातून —

मग मला सुचलं. शुक्रवारी आखाजी आहे. त्या दिवशी केलेलं अक्षय होतं, त्याला क्षय नाही. त्या दिवशी लिहिलं तर आयुष्य तुटायचं नाही, उलट नाव कायमचं राहील. हे म्हणाले, शुक्रवारपर्यंत उशीर होईल. मी म्हटलं, चारच दिवस. मी तुम्हाला विसरेन का चार दिवसांत?

हे हसले. खिन्न हसले.

१० मे, मंगळवार

पहाटेच्या गाडीने मी धुळ्याला गेले. सासूबाईंना आणायला. आईने मुलाचं नाव घेतलं तर त्यात पाप नाही. त्यांनी रोज मोठ्याने हाक मारली तरी ह्यांना धरून ठेवता येईल.

सासूबाई दारात शेवया वाळत घालत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, कोणाची गं तू? ऊन फार आहे, पाणी पी.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बाई, मला दोन मुलीच. मुलगा हवा होता, देवाने दिला नाही.

भिंतीवरचा आमच्या लग्नातला फोटो. त्यात मी आहे. बाजूच्या पाटावर फक्त अक्षता.

११ मे, बुधवार

काल मी परत आले तेव्हा हे अंधारात बसून होते. मला म्हणाले, मला वाटलं तू पण तिकडेच राहशील. आवाज लांबून आल्यासारखा.

लिंबाच्या फांदीला आखाजीचा झोका बांधलाय. बायका गौराईची गाणी म्हणत होत्या. सुगंधाबाईंनी मला ओढून झोक्यावर बसवलं. गळ्यात मंगळसूत्र दिसतंय, म्हणाल्या, असेल कोणी तर नाव घे की! सगळ्या हसल्या. मी डोळे मिटले.

वाघूरकाठी केळीची बाग, — रावांचं नाव घेते, कोणी धरू नये राग.

घेतलं. जरा अडखळले, पण आलं. बायका टाळ्या वाजवत होत्या. मनात म्हटलं, आहे, अजून आहे, परवा आखाजी.

घरी येताना एकदम थांबले. जे नाव आलं ते ह्यांचंच होतं ना?

फाइल आज सातला गेली. हे म्हणाले, मंजू, आता लिही. आज लिही. मी वही उघडली. पेन हातात घेतलं. आईचा आवाज. अक्षरागणिक —

दोनच रात्री आणि एक दिवस. मग अक्षय होईल. मी वही मिटली.

१२ मे, गुरुवार, सकाळ

मी ह्यांच्यापुढे चहा ठेवला, बशीतला चहा तसाच गार झाला. पुन्हा ठेवला. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले आहे, उजव्या हाताने लिहिते आहे. हात आहे. गरम आहे. नाडी लागते.

सोडणार नाही. भोंगा होऊ दे. मी सोडणार नाही.

सुगंधाबाई दारातून डोकावल्या. काय गं, एकटीच काय बसलीस हात आवळून?

मी म्हटलं —

भोंगा

१२ मे, नंतर

माझी मूठ वळलेली. आत काही नाही.

शेठनी बोलावलं. शेठ म्हणाले, मंजुळाबाई, काट्यावरच्या माठात पाणी भरायचं राहिलं आज. खोली तुम्हाला त्या कामासाठी दिलीय. मी विचारलं, मशीन कोण बघतं? ते म्हणाले, बसवल्यापासून आपणहून चालतंय, कधी बिघडलं नाही. माणूस लागतच नाही त्याला.

रडले नाही. रडले तर ह्यांच्यावरचं लक्ष जाईल. लक्ष जायला नको.

शेवंताबाईंकडे गेले. त्यांचे पाय धरले. म्हटलं, तुम्ही एवढे दिवस कसं धरून ठेवलंत? त्यांनी मला उठवलं. काय धरं व्हतं, म्हणाल्या. आणि मग हातातलं सूप खाली ठेवून कितीतरी वेळ आपल्या ओट्याकडे बघत राहिल्या. जिथे दुसरं ताट असायचं तिथे.

१३ मे, शुक्रवार. आखाजी

आंघोळ केली. देवापुढे दिवा. उंबऱ्याला हळदकुंकू.

सुगंधाबाई आल्या. घराघरात पितरांच्या घागरी भरताहेत. त्यांनी माझ्यासाठीही एक लाल घागर आणली होती, वर खरबूज ठेवलेलं. म्हणाल्या, तुझ्याकडे कोणाची भरायची? मी म्हटलं, कोणाची नाही. माझं कोणी गेलं नाही. त्या म्हणाल्या, बरं. घागर दारातच ठेवून गेल्या.

कोणी गेलं नाही. आहेत. मी धरून आहे.

उजव्या कानामागे तीळ. झोपेत दात खातात. कांदा चिरताना मीच उठवते आणि हे रडवेले होऊन दारात जाऊन बसतात. रागावले की 'तू' ऐवजी 'तुम्ही' म्हणतात. पायाची दुसरी बोटं अंगठ्यापेक्षा मोठी. हे सगळं आहे. सगळं आहे माझ्याजवळ.

आखाजी आहे. मुहूर्त बघायचा नसतो आज. आज लिहिलेलं पुसत नाही.

वही उघडली. हे पान कोरं आहे. शाई भरली.

भोंग्याला थोडा वेळ आहे. आधी लिहायला हवं. कालच — परवाच लिहायला हवं होतं. ते म्हणत होते लिही, आणि मी —

सुरुवातीचं अक्षर. ओठ मिटून म्हणायचं का? की उघडे ठेवून? झोक्यावर म्हटलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना विचारलं आत्ता. त्या म्हणाल्या, तू कुठे काही म्हणालीस, नुसती हसलीस झोक्यावर.

येईल. लिहायला लागले की हाताला येईल. हाताला माहीत असतं.

देवी एकवीरे, अक्षरागणिक आयुष्य तुटायचं ते माझं तुटू दे. मी मंजुळा. लिहिते. माझ्या नवऱ्याचं नाव